काकोच्या बापाचं तोंड

राजेहो, सिनेमा म्हणला का मी पागल. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी मले नावं ठेवणार नाई. मोहर्लीच्या अलीकडं तलावाच्या काठी आमचं गाव, सारं गोंडायचं. पंचाण्णव सालात माह्यापाशी एक टीव्ही, एक व्हीसीआर आन् एक जनरेटर होता. लग्न म्हणा, मंडईची जत्रा म्हणा, जिथी बोलावणं आलं तिथी मी पिक्चर दाखवत फिरत होतो. मारधाडीचा पिक्चर असला का सगळ्यात आधी शिटी माहीच. मशीन चालवणाऱ्यानं शिटी मारू नये, असं कोणत्या शास्त्रात लिहिलं हाये?

त्या सालात सिनेमाले शंभर वर्षं झाली म्हणून चंद्रपूरचे प्रफुल सर मले शोधत गावात आले. ते कॉलेजात शिकवत, आन् जुने पिक्चर दाखवणारी एक मंडळी चालवत. मोटरसायकल अजून बंद केली नव्हती तर बोलणं सुरू. म्हणे, "सुनिल, एक मुका सिनेमा सापडला आहे. पंचवीस सालच्या आसपासचा. 'नरभक्ष्यांचे अरण्य' नाव. अर्ध्याच्या वर तुमच्या तलावावर काढलेला आहे. मी प्रिंट आणतो, प्रोजेक्टर आणतो, तू जनरेटर दे. जिथं काढला तिथंच दाखवू."

माह्या अंगावर काटाच आला. कारण त्या सिनेमात कोण होतं, ते मले ठाऊक होतं.

आमच्या गोंडीत आईच्या आईले काको म्हणतात. माही काको म्हणजे सोमारीबाई, सत्तरीची. ती पोटात असताना तिच्या बापानं, पत्रू त्याचं नाव, एका शहरातल्या कंपनीच्या सिनेमात काम केलं होतं. ती जन्माले यायच्या आधीच सागाचं लाकूड अंगावर येऊन तो गेला. काकोनं बाप पाह्यलाच नाई. त्या काळात गोंडाच्या पोराचा फोटो कोण काढते? लहानपणी ती मायले विचारत होती, बाबा कसा दिसे. माय म्हणे, "दिसे मानसासारखा मानूस. आता झोप." येवढ्यावर बाईनं सारी जिंदगी काढली. गावातले लोक तिले चिडवत, "सोमारीचा बाप हिरो हाये." ती म्हणे, "हायेच."

मी धावत घरी गेलो. काको आंगणात मोहफुलं निवडून राह्यली होती. मी सांगतलं तर तिचा हात सुपातच थांबला.

"तोंड दिसन का रे त्याचं?" काकोनं विचारलं.

"दिसन ना काको. सिनेमाच हाये तो. मोठ्ठं दिसन, चादरीयेवढं."

बोलून बसलो. काकोनं त्याच दिवशी नवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

दोन-चार दिवसांनी प्रिंट आली. सर म्हणाले, आधी कॉलेजात पाहून घेऊ, मशीन तुलाच चालवायचं आहे. खिडक्यायले काळे पडदे लावले, भिंतीवर पिक्चर पाडला, आन् पहिलंच रीळ लागलं तसा मी खुर्चीच्या टोकावर आलो.

काय सांगू तुमाले. कॅमेरा आमच्या तलावावर, पण काठावर उभा नाई. डोंग्यात बसवलेला. डोंगा कमळाच्या पानातून सरकते, पानं दोन्हीकडं होतात, आन् पाहणाऱ्याले वाटते आपणच पाण्यावरून चाललो. मंग बैलबंडीवर कॅमेरा बांधून बंडी अशी पळवली का झाडं अंगावर येतात. मंग हिरोईन झोपली हाये आन् तिच्या कपाळावरून वाघ चालत जाते. खरा वाघ, खरं कपाळ. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेतलं होतं त्या माणसानं, ना कॉम्प्युटर ना काही. सर तर उभेच राह्यले. "बाकीचे तेव्हा कॅमेरा खांबासारखा रोवून ठेवत होते रे," ते म्हणाले. मी हाव हाव करत होतो, डोळे भिंतीवरून हालत नव्हते.

मंग एक पाटी आली. मुक्या सिनेमात बोलणं लिहून दाखवत, ते हिंदीत होतं: "इस बन में मनुष्य का मांस खानेवाले काले राक्षस बसते हैं."

आन् राक्षस आले. त्यायचा सरदार म्हणजे शहरातला नट. अंगभर डांबर, ओठाभोवती पांढरा रंग, डोक्यावर शिंगं. त्याच्या मागं नाचणारे मात्र आमचे लोक. खरे गोंड. त्यायच्याही तोंडाले कोळसा फासला होता. म्हणजे पाहा, आमचा काळा रंग त्यायले पुरला नाई. देवानं दिला त्यावर कंपनीनं वरून एक हात मारला.

आन् तरी, राजेहो, सिनेमा असा बांधलेला का सुटता येत नाई. हिरो म्हणजे गोरा साहेब, टोपीवाला, तोंडावर पावडरचा थर. हिरोईन झाडाले बांधलेली. राक्षस नाचून राह्यले, घोडा धावून राह्यला, हे दाखवते, ते दाखवते, पुन्हा हे दाखवते, आन् आपला जीव वर. साहेबानं बंदूक उचलली तशी माह्या तोंडातून शिटी गेली. एक राक्षस पडला. दुसरा पडला. दुसऱ्या शिटीच्या मधातच माह्या डोक्यात शिरलं का आपण कोणाच्या मरणावर शिटी मारून राह्यलो. त्या काळ्या गर्दीत कुठीतरी काकोचा बाप होता. मी दार लोटलं आन् बाहेर आलो.

मशीन तसंच सोडून आलो, म्हणून सरायले शेवटपर्यंत थांबावं लागलं. मंग ते बाहेर आले.

"गावात नाई लावायचा हा पिक्चर," मी म्हणलं.

"मला वाटलंच तुला राग येईल. मलाही आला होता."

"तुमाले आला आन् गेला, सर."

 सर हळूच म्हणाले, "पण तो डोंग्यातला शॉट पाहिलास?"

"पाह्यला ना. म्हणूनच जास्त डोकं तापलं. बेकार पिक्चर असता तर थुकलो असतो आन् घरी गेलो असतो. ज्या माणसाले आमचं पाणी इतकं चांगलं दिसलं, त्याले आम्ही काऊन नाई दिसलो?"

  सरायनं चहा सांगतला. मी पेलो नाई, मंग पेलो.

गावात येऊन काकोले सारं सांगतलं. काही लपवलं नाई. सांगतलं का त्यात आपल्याले माणसं खाणारे केलं हाये, कोळसा फासला हाये, मारलं हाये. आपण नको पाहू.

"तू पाह्यला त्याले?" काको म्हणे.

"नाई ओळखू आला. सारेच काळे करून टाकले."

"मंग तुले काय ठाऊक. मी वळखीन. माहा बाप हाये का तुहा?" ती पुन्हा मोहफुलायकडं वळली. "त्यायनं कोळसा फासला म्हनून मी बाप पाहू नाई? हा कोनता न्याय झाला? लाव तू."

काकोपुढं कोणाची चालते? मी सरायले निरोप धाडला.

दिवस बुडाला तसं पटांगण भरलं. दोन बांबूच्या मधात पांढरी चादर ताणली, जनरेटर शाळेच्या मागं ठेवला. मुक्या सिनेमाले आवाज पाहिजे म्हणून चैतूमामा आपला ढोल घेऊन चादरीच्या बाजूले बसला. तो गावातला सगळ्यात जुना ढोलवाला. पाट्या वाचायचं काम माह्याकडं, हिंदी वाचायची आन् गोंडीत सांगायची. काको सगळ्यायच्या पुढं, नवं लुगडं नेसून, चटईवर ताठ बसली होती.  तोंड दिसन, असा शब्द मी देऊन बसलो होतो.

डोंगा पाण्यावर निघाला आन् पटांगणात कल्ला झाला. "आपला तलाव, आपला तलाव." म्हातारे उठून चादरीकडं बोट दाखवत होते: ती पाळ, तो उंबर, तो आता पडला. एक जण तर पाणी जवळ आलं म्हणून पाय वर घेऊन बसला. वाघ कपाळावरून गेला तेव्हा बायका ओरडल्या आन् मंग स्वतःलेच हसल्या. मलेही पुन्हा तीच मजा आली, खोटं कायले बोलू. राग पोटात होता, आन् मजाही पोटात होती, दोघं संगंच.

मंग ती पाटी आली. मी म्हणलं, "या जंगलात काही लोक राहतात."

कोलू मधातच उभा राह्यला. तो बाहेरगावी कामाले राहून हिंदी शिकून आला होता. "अबे सुनिल, येवढं लांब लिहिलं हाये आन् तू येवढंसंच वाचलं? पुरं वाच ना."

"तूच वाच मंग," मी म्हणलं.

"वाचतोच." आन् त्यानं खड्या आवाजात वाचून गोंडीत सांगतलं: या जंगलात माणसाचं मांस खाणारे काळे राक्षस राहतात.

लोकायनं एकमेकाकडं पाह्यलं.  मंग मागून काकोच्या वयाची शकुबाई म्हणाली, "मानसाचं मटन कुठून आननार बाप्पा? आपल्या इथी पाहुन्याले कोंबडी पुरत नाई." लोक असे हसले का चैतूमामाचा ढोल दोनदा चुकला. हसले, पण नंतर सारे जरा सरसावून बसले, जसं कोणी घरावर चालून आल्यावर बसतात.

राक्षस नाचाले लागले. चादरीवर हिरोईन डोळे फाडून थरथरते, डांबरवाला सरदार सुरी पाजळते, आन् मागं आमचे लोक नाचून राह्यले. चैतूमामानं त्यायच्या पायाकडं पाह्यलं, ढोल घडीभर थांबवला, आन् लग्नाचा ठेका धरला. तो ठेका त्या पायायवर नेमका बसला. कंपनीनं म्हणलं असन, नाचा, आन् हे बिचारे जे येत होतं ते नाचले, नवरी आणायचा नाच. बायकायले तर लगेच कळलं. तिकडं चादरीवर आता पोरीले कापून खातीन असं चाललं होतं, आन् इकडं पटांगणात बायका नवरीचं गाणं म्हणून राह्यल्या. प्रफुल सर वेड्यासारखे हसत होते, डोळे पुसत होते.

फक्त काको हसत नव्हती. ती दर घडीले वळून मले विचारे, "यातला कोनता?"

"माहीत नाई काको."

"हा का? हा उंच?"

"नाई सांगता येत."

कोळशाच्या खाली सारे सारखेच. एकाचंही तोंड तोंडासारखं दिसत नव्हतं. रीळ संपलं, दुसरं लावलं. तेही संपलं. शेवटचं मी मुद्दाम हळूहळू चढवलं, कारण आता यापुढं फक्त मारणं होतं. काकोले बाप दिसणारच नव्हता, दिसणार होतं ते त्याचं मरण.

घोडा आला. साहेबानं बंदूक उचलली आन् आमच्या गावच्या पोट्ट्यायनं शिट्या मारल्या. त्यायचा काय गुन्हा? हिरोनं बंदूक उचलली का शिटी मारायची, हे त्यायले मीच शिकवलं होतं, माह्याच व्हीसीआरवर. चैतूमामाचा ढोल बंद पडला. मले राहवलं नाई. मी मशीनच्या भिंगापुढं हात धरला. चादर काळी झाली, माहीच बोटं तेवढी लाल दिसत होती.

काको उठली. मशीनपाशी आली.

"हात काढ."

"काको, मारून राह्यले त्यायले."

"मारू दे. मरताना तरी दिसन. हात काढ, सुनिल."

तिचा आवाज चढला नव्हता. मी हात काढला.

मारणं संपलं होतं. साहेब मधात उभा, एक पाय पडलेल्या सरदाराच्या छातीवर, मागून उजेड, छाती पुढं. फोटोसारखा उभा. चहा पेताना सर ज्याची तारीफ करत होते तो हाच शॉट, त्या उजेडासाठी त्यायनं तो कॉलेजात दोनदा पाह्यला होता. मी मात्र तेव्हा दाराबाहेर होतो. आन् पाहणारा साहेबाकडंच पाहणार, तसाच तो काढलेला. पण आमचे लोक साहेबाकडं पाहून राह्यले नव्हते. ते पडलेल्यायकडं पाहून राह्यले होते.

चादरीच्या खालच्या कोपऱ्यात, एकदम पुढं, झाडाखाली एक जण मरून पडला होता. त्याचा खांदा हालला.

"लाल मुंगी," कोलू म्हणाला. "लाल मुंगी चढली त्याले."

त्या मुंग्या आमाले कोणी सांगाव्या लागत नाई, आम्ही त्यायची चटणी करून खातो. झाडाच्या पानात त्यायचं घर राहते, आन् त्याखाली जो निजला त्याचं काही खरं नाई. मेलेला माणूस आधी दम धरून राह्यला. मंग खांदा घासला. मंग मान. साहेब तिकडं छाती काढून उभाच. शेवटी मेलेल्यानं हात वर केला आन् मान, गाल, कपाळ असं खसाखसा चोळलं, घामानं भिजलेला कोळसा सारा हातावर आला, आन् तोंड उघडं पडलं. त्यानं डोकं वळवलं, सरळ कॅमेऱ्यात पाह्यलं. आपण काम बिघडवलं हे त्याले कळलं होतं. आन् तो हसला. एक डोळा बारीक करून, ओठ दाबून, जसं पोट्टं चोरी पकडल्यावर हसते.

पटांगण फुटलं. लोक एकमेकाच्या अंगावर पडून हसत होते, चैतूमामा दोन्ही हातानं ढोल बडवत होता. त्या कल्ल्यातून शकुबाईचा आवाज आला.

"अवं सोमारी, हे तर तुहंच तोंड हाये वं."

तेव्हा कुठी आमाले दिसलं. तेच नाक, तीच हनुवटी, हसताना बारीक होणारा तोच डोळा. लोक चादरीकडं पाहत, काकोकडं पाहत, पुन्हा चादरीकडं. सारी जिंदगी तिनं विचारलं का बाप कसा दिसे, आन् सारं गाव ते तोंड रोज पाहून राह्यलं होतं.

मंग शेवटची पाटी आली. पुरं गाव माह्याकडं वळलं. आता मले कोणी वाच म्हणायची गरज नव्हती. मी उभा राह्यलो, आधी हिंदीत वाचलं, मंग गोंडीत सांगतलं, एकही शब्द न सोडता: "अशा रीतीनं या जंगलातून काळ्या जातीचं नाव कायमचं मिटलं."

कोलूनं मागं पाह्यलं, पुढं पाह्यलं, भरलेल्या पटांगणाकडं पाह्यलं. "मंग हे कोन बसले हायेत इथी?"

असं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाई. सर मले मिठी मारून काहीतरी बोलत होते, ते मले ऐकूच आलं नाई. पोट्टे मरून पडत, खाजवत आन् उठून हसत. ज्यायनं साहेबाले शिट्या मारल्या, तेच आता पत्रू होऊन राह्यले होते.

काको चादरीपुढं गेली होती. चादर आता कोरी होती, मशीनचा उजेड तिच्या पाठीवर पडत होता. मी जवळ गेलो. मले वाटलं रडत असन.

"सुनिल," ती म्हणाली, "माहा बाप तुह्याहून लहान हाये रे."

"हाव काको."

"मी येवढी वर्षं त्याले म्हातारा समजून राह्यली. हात जोडत होती त्याले. तो तर पोट्टा हाये." तिनं चादरीवर खाली, त्याच कोपऱ्यावर हात ठेवला. "किती येळचा पडून हाये बिचारा, मुंग्या चावून राह्यल्या. त्याले म्हन, झालं आता त्या साहेबाचं. उठ, घरी चाल."

मी मशीनपाशी गेलो आन् तेच रीळ पुन्हा चढवलं.